फक्त एकच फोन, काकू

आमच्या कोरीटला नेटवर्क आहे.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. कारण माझ्या लेकीच्या, धनूच्या, साखरपुड्यापासून सुरत ते शहादा जो नातेवाईक भेटतो तो हळहळत म्हणतो, "तुमच्या गावाला नेटवर्कच नाही ना हो," आणि मी तिथल्या तिथे पेटते. नाही कसं? तारेनं घरात आलेलं इंटरनेट आहे. डबीवर हिरवे दिवे लुकलुकतात. मी रोज संध्याकाळी त्यावर मालिका बघते, आणि आजपर्यंत एकाही मालिकेतली सासू तोंड उघडं ठेवून अडकलेली नाही. तेव्हा दोष नेटवर्कचा नव्हताच. दोष कोणाचा होता ते मी इथे सांगणार आहे, अगदी नाव घेऊन. ज्यांना राग यायचा असेल त्यांना खुशाल येऊ दे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा बंद होत्या त्या काळात मी ऑनलाइन वर्ग घेतलेत. एका पोराच्या मागे म्हैस रवंथ करायची, दुसऱ्याच्या मागे आजोबा आंघोळ करायचे, तिसरा फोन उलटा धरून स्वतःची हनुवटीच दाखवायचा. त्या सगळ्यांना मी घरी बसून सरळ केलं. कशानं? आवाजानं. मी चौथीच्या वर्गात बोलले की शेजारच्या सातवीची पोरं वह्या उघडतात, असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात. (ते कौतुकानं म्हणत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.) सांगायचा मुद्दा हा की व्हिडिओ कॉल या विषयात मला कोणी शिकवावं, अशी माझी परिस्थिती नव्हती.

आणि शिकवायला आला कोण? होणारा जावई.

निखिल मूळचा आपल्याच खानदेशातला, आई-वडील सुरतेत स्थायिक, स्वतः नोकरीला जर्मनीत. नोकरी काय, तर व्हिडिओ कॉलवर माणसं वाढली की लाइनीवर जी गर्दी होते ती आवरायची, कुणाचं चित्र मोठं ठेवायचं आणि कुणाचं बारीक करायचं हे ठरवणारी यंत्रणा बनवायची. स्थळ आलं तेव्हा मी हे सगळं माझ्या मोठ्या दिरांना, म्हणजे जिभाऊंना, व्यवस्थित समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ट्राफिक हवालदार शे का तो?" तेव्हापासून भाऊबंदकीत निखिलची ओळख 'जर्मनीना हवालदार' अशीच आहे.

त्याची रजा लग्नासाठी राखून ठेवायची होती, म्हणून साखरपुड्याला तो व्हिडिओ कॉलवर हजर राहील आणि त्याची आई धनूला अंगठी घालेल, असं ठरलं. दोघं प्रत्यक्ष भेटली होती ती एकदाच, सुरतेला, पोह्यांच्या बशा समोर ठेवून. नंतर सगळं फोनवर. धनू नंदुरबारला औषधांच्या दुकानात नोकरी करते, ती बसमधून त्याच्याशी बोलायची, आणि बस गावाबाहेर पडली की तो अडकायचा. त्यामुळे पोरगी एके दिवशी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, मला डीजे नको, फुलांची कमान नको. फक्त अंगठी बोटात जाईल तेव्हा मला त्याचा चेहरा दिसायला हवा. हलणारा."

एवढंच. लहानपणापासून या मुलीनं हट्ट म्हणून केला नाही. मी तिला शब्द दिला.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी निखिलनं तपासणीसाठी कॉल लावला आणि मला समजावून सांगायला लागला. मी ऐकून घेतलं, कारण जावयाचं ऐकून घ्यायचं असतं. तो म्हणाला, "काकू, ही लाइन म्हणजे पंगत समजा. वाढपी तेवढेच आहेत. बसणारे वाढले की प्रत्येकाच्या पानात कमी पडतं. मग आमची यंत्रणा काय करते, जो बोलतोय त्याच्या पानात भरपूर वाढते आणि बाकीच्यांना नुसती चव दाखवते. म्हणून तुमच्या घरातून फक्त एकच फोन, काकू. टीव्हीला जोडलेला धनूचा लॅपटॉप, तोच. दुसरं काही नको."

मी म्हटलं, "निखिल, मी ऑनलाइन वर्ग घेतलेत."

तो म्हणाला, "हो काकू." त्या 'हो काकू'मध्ये काहीतरी होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

कॉल माझ्याच खात्यावरून निघणार होता, कारण शाळेच्या वेळचं खातं माझ्याकडे होतं. म्हणजे यजमान मी. कुणाला आत घ्यायचं, कुणाचा आवाज बंद करायचा, हे सगळे अधिकार माझ्या फोनवर. निखिलकडच्या सुरतेच्या चार घरांना लिंक पाठवली आणि विषय संपला असं मी समजले.

विषय संपत नसतो. विषय यांच्या हातात गेला. 'यांच्या' म्हणजे धनूच्या वडिलांच्या. हे अंगणात मिरचीचा ढीग खालीवर करत बसले होते, तेवढ्यात शहाद्याहून फुईचा फोन आला. फुई म्हणजे माझी नणंद, धनूची आत्या. तिनं विचारलं, "आप्पा, माले लिंक नही उनी?"

ह्यांनी सांगितलं की अगं, तू तर इथेच येणार आहेस, समोर बसणार आहेस, लिंक लांबच्या लोकांसाठी आहे. त्यावर फुई म्हणाली, "येसूच. पन लिंक जोयजे."

आता परगावच्या वाचकांना इथे आमच्या भाऊबंदकीची रीत सांगायला हवी. आमच्याकडे आवतण माणसाला नसतं, चुलीला असतं. दोन भाऊ एकाच अंगणात राहत असले पण चुली वेगळ्या असल्या तर आवतणं दोन. एकाला कुंकू लावून सांगितलं आणि दुसऱ्याला नुसतं "तुम्हीपण या बरं का" म्हटलं, तर दुसरा येत नाही, आणि त्याचं ते न येणं त्याच्या नातवाच्या लग्नापर्यंत पुरतं. तेव्हा लिंक हे जर आवतण असेल तर ते चुलीगणिक गेलं पाहिजे, असा फुईचा कायदा. आणि ह्यांनी, मला एका शब्दानं न विचारता, ती लिंक भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकून दिली.

मी काय आरडाओरडा केला तो इथे लिहीत नाही. ह्यांनी मिरची उलथायचं थांबवलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "एक लिंक धाडी दिधी त काय बिघडनं? कोन उघडाले बठेल शे?"

सगळे बसले होते! सगळे!

साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून अंगणात मांडव, मांडवात टीव्ही, टीव्हीसमोर पाट. वाय-फायची डबी ओट्यावरच्या खांबाला, आणि खांबाला टेकून ताडपत्रीखाली झाकलेली मिरचीची पोती. (ती पोती मागे हलवा असं मी कितीतरी वेळा सांगितलं होतं, पण या घरात मिरचीला माझ्यापेक्षा जास्त मान आहे.) आतल्या बाजूला बट्ट्या शिजत होत्या, वांग्याची भाजी घोटली जात होती. निखिलचे आई-वडील आले. याहीणबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, मला पहिल्या नजरेतच आवडल्या, गोऱ्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. धनू हिरव्या साडीत पाटावर येऊन बसली. टीव्हीवर निखिल आला. कुर्ता घातलेला, केस विंचरलेले, मागे कुणीतरी लावलेली कागदी फुलांची माळ. आणि हलत होता! हसला, हात जोडले, धनूकडे बघून लाजला. धनूनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडला. त्यात जिभाऊ. मी मान वळवली तर जिभाऊ माझ्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसलेले, फोन नाकासमोर धरलेला. मी म्हटलं, जिभाऊ, तुम्ही इथेच आहात. ते म्हणाले की ते मला माहीत आहे, पण यादीत नाव दिसायला नको का?

मग दुसरा चौकोन. तिसरा. मांडवातली प्रत्येक चूल आपापल्या फोनमधून आत आली. प्रत्येकाला पाहिजे होतं ते त्याच्या चौकोनाखाली उमटणारं नाव, कारण लग्नपत्रिकेवर ज्याचं नाव राहून जातं तो जन्मभर काय करतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आणि इथे तर पत्रिका भिंतीएवढ्या टीव्हीवर चालली होती! ज्यांच्याकडे दोन फोन होते त्यांनी दोन लावले. एक मोठी जाऊ, तिच्या घरात सून आल्यापासून चुली दोन, त्या दोघी एकमेकींना खेटून बसून वेगवेगळ्या चौकोनांत दिसत होत्या.

माणसाला राग येईल की नाही? एका अंगणात बसलेली माणसं एकमेकांना बघायला जर्मनीमार्गे जात होती. माझ्या पगारातून भरलेल्या इंटरनेटवरून!

निखिलचं चित्र आधी धूसर झालं, मग त्याचे चौकोनी तुकडे झाले, कापडावर काढलेल्या भरतकामासारखे. मग तो थांबला. एक डोळा मिटलेला, एक अर्धा, ओठ डावीकडे ओढलेले. फुई पुढे सरकून बघू लागली आणि तिनं काळजीनं विचारलं, "नवरदेवले काय व्हयनं? झटका उना का?"

याहीणबाईंचा चेहरा उतरला. "नही हो," त्या म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या असा नही शे. तो चांगला दिसस."

त्या माउलीनं ते ज्या आवाजात सांगितलं त्यानं मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथे यजमानाचा अधिकार वापरला आणि एका बोटानं सगळ्यांचे आवाज बंद केले. बरोबर एक श्वास शांतता राहिली. मग एकेकानं आपापला आवाज परत चालू केला. बंद आवाज चालू कसा करायचा, हे या भाऊबंदकीतल्या पोरांना कुणी शिकवलं होतं? मीच! आणि पोरांनी ते घरोघरी आजी-आजोबांना शिकवलं. एवढ्या निष्ठेनं त्यांनी माझे पाढे कधी पाठ केले नव्हते.

त्यात फुईला एक शोध लागला. तिचा चौकोन सगळ्यात खाली, माझ्या धाकट्या जावेच्याही खाली होता. ती मला जाब विचारायला लागली, "मन्हं नाव खाले काबर गयं?" आणि बोलता बोलता तिचा चौकोन टुणकन उडी मारून वर आला. कारण जो बोलेल त्याच्या पानात जास्त वाढायचं! फुई थांबली. चौकोन खाली गेला. ती परत बोलली. चौकोन वर आला. तिनं ते मांडवाला मोठ्यानं सांगितलं. त्यानंतर जे झालं ते मी शाळेच्या सहलीतही बघितलेलं नाही. प्रत्येकजण वर यायला बोलू लागला. ज्याला बोलायला काही नव्हतं तो बट्टी किती वेळात शिजते ते सांगू लागला. एकजण नुसतेच आकडे म्हणत होते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या फोनमधून निघून तिसऱ्याच्या फोनमध्ये शिरून टीव्हीतून बाहेर येत होता, शिट्टी वाजवत. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

जिभाऊ पाय पसरून म्हणाले, "सोताना साखरपुडानी गर्दी याले आवराई नही ऱ्हायनी, तठे जर्मनीमा काय आवरस?"

हे त्यांनी याहीणबाईंच्या समोर म्हटलं. मांडवात काही माना डोलल्या. मुलाची नोकरी खरी आहे का खोटी इथपर्यंत कुजबुज गेली, आणि ती सगळी याहीणबाईंच्या कानांवर पडत होती. धनू पाटावर खाली मान घालून बसली होती. गुरुजींना दुपारी दुसऱ्या गावी कार्य होतं, ते सारखं सूर्याकडे बघत होते. आणि टीव्हीवर निखिल अजून एका डोळ्यानं आमच्याकडे बघत होता.

मग मात्र मी पदर खोचला. आतून टोपली आणली आणि वर्गात पोरांच्या गोट्या गोळा करते तसे फोन गोळा करत फिरले. निम्म्यांनी टाकले. फुईनं फोन पदराखाली घातला आणि म्हणाली की धनूच्या बारशाला पहिलं झबलं मी आणलं होतं, माझं नाव उतरवायचं असेल तर तसं तोंडावर सांग. शेवटी तह झाला. नावं राहतील, पण सगळ्यांनी चित्र बंद करायचं आणि ओठ मिटायचे. जो बोलेल त्याचं नाव मी स्वतः काढून टाकेन. हा धाक लागू पडला. एकेक चौकोन काळा झाला, नावं तेवढी राहिली, आणि मांडवात खरोखर शांतता झाली.

मी कोणताही धोका पत्करायला तयार नव्हते. डबीला कोणी हात लावू नये म्हणून मी स्वतः त्या खांबाखाली, मिरचीच्या पोत्यांपाशी पहारा देत उभी राहिले. यजमान मी असल्यानं माझा फोन माझ्या हातात, उघडा, तोंडाजवळ. नियंत्रण कुणाकडे तरी असायला हवं ना?

टीव्हीवर निखिल हलला. दुसरा डोळा उघडला. तोंड सरळ झालं. मांडवानं सुस्कारा टाकला. आल्या आल्या तो म्हणाला, "काकू, एक मिनिट, फक्त एकच फोन..."

मी म्हटलं, "निखिल, तू बोलू नकोस. मोठ्या मुश्किलीनं आला आहेस."

"नाही काकू, तुमचा..."

एवढं समजावूनही ऐकत नाही म्हटल्यावर मी त्याचा आवाज बंद केला. नवरदेव झाला म्हणून काय झालं, नियम सगळ्यांना सारखे. तो तिकडे हातवारे करत राहिला, एक बोट वर करून दाखवत राहिला. मी समजले, एक नंबर म्हणतोय. मला बरं वाटलं.

गुरुजींनी मंत्र सुरू केले. याहीणबाईंनी अंगठी हातात घेतली. धनूनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि मान वर करून टीव्हीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझे डोळे भरून आले. निखिलही हातवारे थांबवून तिच्याकडे बघायला लागला. दोघं एकमेकांना स्वच्छ दिसत होती. मी दिलेला शब्द आता, याच क्षणी, पुरा होणार होता.

आणि फुई खोकली. पोत्यांची ताडपत्री वाऱ्यानं उचलली गेली असणार, मिरचीचा झोंबणारा खाट मांडवात सुटला. फुईनंतर जिभाऊ. जिभाऊंनंतर सगळी रांग.

माझं डोकं फिरलं. मी फोन तोंडाशी धरला आणि ओरडले, "कोण खोकतंय? शरम वाटते का जराशी? बोलायचं नाही म्हणजे खोकायचंही नाही! एका पोरीचा एवढा एक क्षण, आणि तुम्हाला दम धरवत नाही! नावं पाहिजेत म्हणे! माणसं आहात का कोण आहात! आवाज बंद! सगळ्यांनी आवाज बंद करा म्हणते ना मी!"

खोकला थांबला. पण मी थांबले नाही, कारण मला जाणवलं की अजूनही कोणीतरी बाई मोठ्यानं बोलते आहे. मी आवाज आणखी चढवला. ती बाईही चढली. मग मी टीव्हीकडे बघितलं.

टीव्हीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बाई होती. निखिल नव्हता. तो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाई मात्र इतकी स्वच्छ होती की तिच्या गालावरचं बट्टीचं पीठ, कपाळावरची शीर आणि खालची मागची दाढ, सगळं वेगवेगळं दिसत होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही कोण अडाणी बाई आमच्या कार्यात येऊन ओरडते आहे.

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "झालं." अंगठी बोटात गेली होती.

धनू टीव्हीकडेच बघत होती. रडली नाही, रागावली नाही. नुसती बघत होती. आयुष्यात मागितलेला तो एक क्षण तिला मिळाला होता, आणि त्यात मी होते. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की तोंडातून शब्द फुटेना. (शब्द थांबल्याबरोबर टीव्हीवरची मी लहान झाले आणि निखिल मोठा झाला. यंत्रणा चोख होती, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.) तो अजूनही एक बोट वर करून उभा होता. आता मला कळलं की ते एक नंबरचं बोट नव्हतं.

मांडवात कोणी हसलं नाही, हे खरं. मला वाटतं घाबरले होते.

पहिल्यांदा बोलल्या त्या याहीणबाई. त्या दिवसभरात दोन-तीन वाक्यांवर गेल्या नव्हत्या. त्यांनी धनूची हनुवटी उचलली आणि म्हणाल्या, "पोर त्यानं तोंड दखाले बठेल व्हती. दखंच नही, त मंग कसानी अंगठी? काढ बेटा. परत घालसू."

फुई उसळली. घातलेली अंगठी काढायची नसते, असं कुठं असतं का, वगैरे. गुरुजी सूर्याकडे बघून म्हणाले की शास्त्रात तसा काही विरोध नाही, मात्र लवकर उरका. जिभाऊंनी स्वतःचा फोन बंद करून टोपलीत टाकला. ते बघून बाकीच्यांनीही टाकले. फुईनं सगळ्यांत शेवटी पदराखालून फोन काढला, नाव दिसतंय का ते टीव्हीवर एकदा बघून घेतलं, आणि बंद केला.

आता मांडवात चालू असलेला एकच फोन उरला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते.

मी म्हणणार होते की मी यजमान आहे, मी गेले तर कॉल बंद पडेल, नियंत्रण कोण ठेवेल. तेवढ्यात हे माझ्याजवळ आले, निखिलचा आवाज मी बंद केला होता तो त्यांनी बोटानं चालू केला, यजमानपण धनूच्या लॅपटॉपकडे दिलं (हे यांना येत होतं, आणि मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं!) आणि हळूच म्हणाले, "तू जराशी बाहेर चाल. फोनबी लई ले."

स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातून मला हाताला धरून बाहेर काढण्यात आलं. मी आई. मी यजमान. मी गल्लीत, शेजाऱ्यांच्या शेळ्यांमध्ये, बंद फोन हातात घेऊन उभी. हे कुंपणाच्या भिंतीवरून आत डोकावत होते. मला उंची पुरत नव्हती आणि मी कशावर चढून बघणार नव्हते, तेवढा स्वाभिमान मला आहे. आतून गुरुजींचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. खोकलासुद्धा नाही.

मी विचारलं, "दिसला का तिला?"

"हा, दिसना," हे मान डोलावून म्हणाले. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाली ऱ्हायना." हलत होता तो!

मग टाळ्या वाजल्या. मी तिथेच शेळीच्या पाठीवर हात ठेवून रडून घेतलं. शेळी काही बोलली नाही. त्या दिवशी आमच्या गावात तेवढीच एक शहाणी निघाली.

आता लग्न होऊन वर्ष होत आलं. धनू जर्मनीतून फोन करते, चित्र एकदम स्वच्छ असतं, कारण आमच्याकडून एकच फोन असतो आणि तो ह्यांच्या हातात असतो. मी मागे बसून मान डोलावते. परवा तिनं हसत हसत सांगितलं की निखिलनं त्या साखरपुड्याचं रेकॉर्डिंग ऑफिसात नेलं होतं. लाइनीवर गर्दी झाली की एकच माणूस सगळ्यांचं पान कसं खाऊन टाकतो, हे नवीन भरती झालेल्यांना समजावून सांगायला त्याहून चांगलं उदाहरण त्यांना सापडलं नाही. प्रत्येक तुकडीला दाखवतात.

मी आधी संतापले. मग मला जरा अभिमान वाटला, खोटं का बोलू. आयुष्यभर मी पोरांना धडे शिकवले. आता परक्या देशात, मोठ्या ऑफिसात, चांगली शिकलेली पोरं मला धडा म्हणून बघतात. मी धनूला विचारलं की काय गं, मी बोलते ते त्यांना समजतं का, मराठीत आहे सगळं.

धनू म्हणाली, "नाही मम्मी, आवाज बंद करून दाखवतात."